आधी पाय दाखव

मालाड (पश्चिम), मुंबई
जूनचा पहिला रविवार

छोटी,

तू काढलेली चित्रं गुळाच्या ढेपेबरोबर काल पोचली. एका कोपऱ्याला काकवीचा डाग पडलाय, बाकी सगळी शाबूत आहेत. रात्री जेवणं झाल्यावर फरशीवर पसरून एकेक बघत बसलो. मामी दोनदा येऊन दिवा मालवायला सांगून गेली, पण मला उठवेना.

हात चांगला आहे तुझा. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं काही तुला टोचेल. तू म्हणतेस, "मामा, मला पावनखिंडीचा '३००' करायचाय. बारा मिनिटांची फिल्म." हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. त्या काळजीपोटीच हे पत्र लिहितोय, फोनवर एवढं बोलता आलं नसतं.

'३००' आला २००७ साली. मला तेव्हा रोटोच्या कामाला लागून वर्षच झालं होतं. रोटो म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, पण दाजींना वाचून दाखवशील म्हणून लिहितो. पडद्यावरच्या माणसाची कड एकेका फ्रेममध्ये हाताने आखून घ्यायची, म्हणजे त्याच्या मागचं सगळं काढून तिथे दुसरं काही बसवता येतं. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. दिवसभर अशा कडा आखून संध्याकाळी आम्ही चौघे तो सिनेमा बघायला गेलो. सुटल्यावर स्टेशनपर्यंत चालत आलो, पण वाटेत कुणी एक शब्द बोललं नाही. आपण जे काम पोटासाठी करतो त्यातून असं काही उभं राहू शकतं, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

पुढे मी तो सिनेमा थांबवून थांबवून किती वेळा पाहिला याची गणती नाही. फ्रँक मिलरचं १९९८चं कॉमिक, त्यात लिन व्हार्ली यांनी भरलेले रंग, आणि झॅक स्नायडर या दिग्दर्शकाने ती पानं समोर ठेवून लावलेले शॉट. चित्रीकरण कॅनडात, माँट्रियलला, निळ्या पडद्यांसमोर, साठेक दिवसांत उरकलं. घोड्यांचा एक प्रसंग सोडला तर सगळं छपराखाली. मग वर्षभर इफेक्ट्सचं काम, तेराशेच्या आसपास शॉट. स्पार्टाचा राजा लिओनायडस भाला घेऊन एकेकाला आडवा करत पुढे जातो आणि चित्र मध्येच जवळ येतं, मध्येच लांब जातं, तो शॉट तुला पाठ असेल. तिथे तीन कॅमेरे एकाच सांगाड्यावर बसवले होते, तिघांच्या लेन्स वेगळ्या, आणि तिन्ही एकाच वेळी जास्त वेगाने चालवले. नंतर एका लेन्समधून दुसरीत असं शिवून घेतलं की सांधा दिसत नाही. ही कारागिरी आहे आणि तिला मी आजही हात जोडतो.

पण तुझ्या चित्रांत ती कारागिरी नाही, तिचा रंग तेवढा आलाय. आभाळ तांबूस तपकिरी, जमीन कोरडी, सदतिसाव्या चित्रात बाजीप्रभू उघड्या अंगाने उभे. छोटी, हा आषाढ आहे ना गं? गजापूरच्या घाटातला आषाढ! तू कोल्हापूरची पोर, तुला तो मी सांगायचा? तांबडा चिखल, काळा कातळ, धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नाही, घोंगडी भिजून अंगापेक्षा जड झालेली. पौर्णिमेची रात्र, पण ढगांमुळे चांदण्याचा नुसता करडा उजेड. हे रंग जगातल्या कुठल्याच कॉमिकमध्ये नाहीत. मिलरने आपले रंग, आपली उघडी अंगं चित्रकार म्हणून निवडली; खरे स्पार्टाचे सैनिक ब्राँझचं चिलखत घालून लढायचे. त्याने निवड केली तशी तूही कर. त्याची निवड उचलू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तुझी चित्रं मी मोजली. एकूण चौसष्ट. त्यातल्या पहिल्याच चित्रात खिंड आहे आणि तलवार उपसलेली आहे. म्हणजे ही माणसं कुठून आली, कशी आली, हे बघणाऱ्याला कळणारच नाही. '३००'मधल्या थर्मोपिलीच्या ग्रीकांना निदान ठाण मांडून बसायला, जुनी भिंत डागडुजी करून घ्यायला काही दिवस मिळाले होते. आपल्या माणसांना तेवढीही उसंत नव्हती. १६६०च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. पाऊस लागला की वेढा सैल पडेल या आशेवर गडावरची माणसं होती, पण वेढा सैल पडला नाही. त्यात राजापूरच्या इंग्रजांनी जौहरला दारूगोळ्याची मदत केलेली. अशा वेढ्यातून १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज सहाशे बांदल मावळ्यांना घेऊन विशाळगडाकडे निघाले. म्हसाईचं पठार ओलांडून, ओढ्यांतून, रानातून, पालखी खांद्यावर घेऊन रात्रभर धावत, चालत, पुन्हा धावत. पन्नास किलोमीटरच्या आसपासची वाट. आजचे ट्रेकर ती दोन दिवसांत करतात, तीही मध्ये मुक्काम करून. आणि एवढं चालून झाल्यावर घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, त्यातली निम्मी माणसं बाजीप्रभूंबरोबर मागे वळली आणि उभी राहिली.

या मागे वळण्यात सगळं आलं. ताज्या दमाचा माणूस लढला तर तो शूर. रात्रभर धावून पोटऱ्यांत गोळे आलेला, तळव्यांची सालं निघालेला माणूस पुढची सुटकेची वाट सोडून वळतो, त्याला काय म्हणायचं? त्याची थोरवी तलवारीतून दिसणारच नाही. ती पायांतून दिसेल. म्हणून म्हणतो, आधी पाय दाखव. बारा मिनिटांतली पाच मिनिटं वाटेला दे. लोक कंटाळतील या भीतीने कापू नकोस.

आणि वेग कमी करायचाच असेल तर दांडपट्ट्याच्या घावावर नको. पालखीचा दांडा एका भोयाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, त्या क्षणावर कर. दांडा उचलला जातो, खालच्या खांद्यावर पडलेला वळ दिसतो, नवा खांदा आत सरकतो, गुडघा किंचित वाकून पुन्हा सरळ होतो, आणि पालखी थांबत नाही. हा शॉट मला जमला तर माझं आयुष्य सार्थकी लागलं असं मी म्हणेन. तू काढ, कॉम्पोझिटिंग, म्हणजे सगळे थर एकत्र बसवणं, मी करून देतो.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक मालिकेचं काम आमच्याकडे होतं. चाळीस ज्युनिअर आर्टिस्ट उभे करून त्यांचे चार हजार करायचे. दिवसभर उन्हात उभी केलेली माणसं ती. मागच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते. गुडघा दुखत असावा. सगळे ताठ उभे असताना ते दर काही सेकंदांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत, आणि तसं करताना ढाल थोडी खाली येई. वरून निरोप आला, तो हलणारा माणूस काढा. मी काढला. शेजारच्या तरुण मुलाची प्रत त्याच्या जागी बसवली. सत्तर-ऐंशी फ्रेमचं काम, तासाभरात झालं. शॉट मंजूर झाला. आणि मग घरी येताना लोकलमध्ये लक्षात आलं, त्या चार हजारांत खरा दमलेला सैनिक तो एकच होता, आणि मी त्यालाच पुसला.

स्टाइलचा धोका हा असा आहे, छोटी. ती देखणी असते, आणि देखणेपणाच्या आड जे येईल ते पुसते. '३००'मध्येही तेच झालं. हिरोडोटस लिहितो की शेवटच्या दिवशी स्पार्टाच्या तीनशेंबरोबर थेस्पिया नावाच्या लहानशा गावचे सातशे जण आपणहून मागे राहिले आणि मेले. सातशे! थेब्जचे चारशे होते, स्पार्टनांचे हेलॉट म्हणजे वेठीचे लोक होते. सिनेमात शेवटी उरतात ते फक्त तीनशे. त्या थेस्पियनांचं स्मारक थर्मोपिलीला उभं राहिलं ते १९९७ साली, लढाईनंतर जवळजवळ अडीच हजार वर्षांनी.

आपल्या गोष्टीतही अशी माणसं आहेत. शत्रूला चकवायला काढलेल्या दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेऊन, मरण ठरलेलंच आहे हे माहीत असून बसलेला शिवा काशीद. त्याची समाधी तुझ्या घरापासून वीसेक किलोमीटरवर, पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूरला आहे, तुझ्या चित्रांत मात्र तो नाही. त्याच्या पालखीचे भोई, ज्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत, तेही नाहीत. बाजींचे भाऊ फुलाजी तिथेच पडले; तुझ्याकडे त्यांना अर्धं चित्र मिळालंय, तेही पाठमोरं. बाजीप्रभू मधोमध असू देत, ती जागा त्यांचीच आहे. पण त्यांच्या दोन्ही बाजूंना कोण उभं होतं ते दिसलं पाहिजे.

शत्रूबद्दलही थोडं. जौहरच्या बाजूने पाठलागावर आलेला तुझा सिद्दी मसूद राक्षस झालाय. लाल डोळे, दात बाहेर. '३००'मध्ये इराणी सैन्य असंच रंगवलं आणि त्यावर इराणमध्ये केवढा संताप उसळला. तुला मी कुणाच्या नाराजीच्या भीतीने सांगत नाही. जौहर कसलेला सेनापती होता. भर पावसात वेढा टिकवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. समोरचा तेवढा ताकदीचा होता म्हणून तर ती रात्र एवढी मोठी आहे. मसूदची माणसंही त्याच चिखलातून, त्याच पावसातून मागे धावत आली होती. त्यांनाही दम लागू दे.

दांडपट्ट्याचं चुकलंय. तू मनगट वळवून वार काढलेत. पट्ट्याची मूठ लोखंडी खोळीच्या आत असते, कोपरापर्यंत हात त्यात अडकलेला, मनगट वळतच नाही. फिरतं ते कोपर, खांदा आणि कंबर. पातं लांब आणि लवचीक असल्यामुळे पट्टा फिरवणाऱ्याच्या आजूबाजूला आपला माणूसही उभा राहू शकत नाही. म्हणजे अरुंद खिंडीत बाजी जिथे उभे, तिथे त्यांच्याभोवती एक मोकळं रिंगण असणार आणि बाकीचे मागे, कडेच्या दगडांवर. हे एकदा समजून घेतलंस की तुझी पुढची वीस चित्रं आपोआप बदलतील. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या तालमी आहेत. एखाद्या वस्तादांकडे महिनाभर जा. हातात पट्टा घालून बघ. मोबाईलवर बघून हे येत नाही.

महाराज पोचल्याची खूण म्हणून झालेल्या विशाळगडावरच्या तोफांचा आवाज तू मोठा धरलायस, संगीतासकट. मला वाटतं तो अगदी लहान हवा. मुसळधार पाऊस, मधे डोंगर, कानात स्वतःचाच श्वास. बाजींना तो ऐकू आला की भास झाला, हे क्षणभर त्यांनाही कळू नये. बघणाऱ्यानेही कान टवकारले पाहिजेत.

दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' २०२२च्या फेब्रुवारीत आला तेव्हा तू बारावीला होतीस, अभ्यासापायी राहून गेला असेल. तो आता बघ. अजय पूरकरांचे बाजी बघ, विशेषतः ते थकलेले दिसतात ती जागा. मला तो सगळाच पटला असं नाही, पण आपल्या मातीतला माणूस ही गोष्ट सांगताना कशावर भर देतो ते कळेल. आणि तुझ्याच गावच्या बाबूराव पेंटरांना विसरू नकोस. स्वतः कॅमेरा तयार करणारा तो माणूस. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं, आणि त्यांचीही पात्रं, पोशाख, हालचाली आधी कागदावर उतरत असत. तुझ्यासारखीच. त्यांच्या गावात राहून तुला माँट्रियलकडे बघायची गरज नाही.

शेवटी तू विचारलंस की पुढच्या महिन्यात इकडे येऊ का, मालाडला काम मिळेल का. मिळेल. इथे कड आखणारे हात कायम लागतात. माझ्या घरापासून चालत गेलं तर बॉम्बे टॉकीजचं आवार लागतं. १९३४ साली हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी उभं केलेलं. आज तिथे लहान लहान कारखाने आहेत, जुन्या भिंती मधूनच दिसतात. तू आलीस की दाखवीन. पण पुढच्या महिन्यात येऊ नकोस. पुढच्या महिन्यात आषाढ आहे.

त्या दिवसांत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत मोहिमा निघतात. त्यातल्या एखाद्या चांगल्या गटाबरोबर चालून ये. ताईला मी समजावतो. बूट जुने घाल, नवे अजिबात नको, पहिल्याच दिवशी चावतील. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी जवळ ठेव. वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घे, पण चालताना काढू नकोस, रात्री मुक्कामाला काढ. आणि निघायच्या आधी एक कर: बांबूला मध्यावर तांदळाचं पन्नास किलोचं पोतं बांध, दुसरं टोक तुझ्या त्या उंच मैत्रिणीला धरायला सांग, आणि दोघी मिळून घरापासून रंकाळा तलावापर्यंत घेऊन जा. खांदा कुठे दुखतो, किती पावलांनी बदलावासा वाटतो, बदलताना तोल कुणीकडे जातो, ते नीट लिहून मला कळव. त्या शॉटला तेच लागणार आहे.

तुझा,
मामा