दोन पाखरे पुरेशी होतात



इंग्लंडमध्ये हिवाळ्यात परसदारी पाखरांसाठी खाऊ टांगून ठेवण्याची रीत आहे. तिथे हमखास येणारा 'ग्रेट टिट' हा चिमणीएवढा पक्षी मोठा हुशार. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळ स्वेथलिंग येथे याच कुळातील पाखरे दारातल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून वरची साय खाताना आढळली. पुढे ही युक्ती देशभर पसरली.

अशी युक्ती पसरते कशी? ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात अभ्यासकांनी हे तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. त्यांनी अळ्या घातलेल्या पेट्या जंगलात ठेवल्या. पेटीचे दार डावीकडे सरकवा वा उजवीकडे, खाऊ तोच. काही वस्त्यांतली फक्त दोन-दोन पाखरे पकडून, त्यांना एकच बाजू शिकवून पुन्हा सोडून दिले. वीस दिवसांत त्या वस्त्यांतील सरासरी तीन चतुर्थांश पाखरे पेटी उघडू लागली आणि तीही बहुतेक त्याच बाजूने! दुसरी बाजू ठाऊक असलेली पाखरेसुद्धा बहुसंख्यांच्याच वाटेने गेली.

माणूस हा सर्वांत अनुकरणशील प्राणी आहे, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते. आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात जे ऐकतात त्याहून अधिक घरात पाहून शिकतात. आपण मिस्सेला उशिरा येऊन दाराबाहेर गप्पा मारत उभे राहिलो, तर तीही तिथेच उभी राहतील.

मात्र एक फरक ध्यानात घेऊ या. पाखरांना डावे-उजवे सारखेच. आपल्याला तसे नाही. लग्नात दारू नसावी, कर्ज काढून थाट करू नये, हे आपणा सर्वांना पटते. तरीही 'लोक काय म्हणतील' या एका भीतीपोटी आपण माहीत असलेली चांगली वाट सोडतो आणि त्याचे हप्ते वर्षानुवर्षे फेडत बसतो.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना दोघा-दोघांना पाठवले. मोठा जमाव जमण्याची वाट पाहिली नाही. आपल्या प्रत्येक वॉर्डात दोन कुटुंबांनी यंदाचे लग्न साधेपणाने करायचे ठरवले, तर? शेजारी पाहत असतात. मुले तर पाहतच असतात.

आपले घर त्या दोहोंपैकी एक ठरावे, ही कृपा या आठवड्यात आपण प्रभूकडे मागू या.