न पेटवणाऱ्याचं पाप



तुरीच्या राशी आटोपल्या. माळावरचं गवत पिवळं पडलं. आता बांध साफ करायचे दिवस. मागच्या रविवारी भालकीकडच्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर एका सूनबाईंनी विचारलं, "बांध पेटवताना मुंग्या, सरडे, किडे जळतात. घरात आपण मुंगीला साखर घालतो आणि शेतात तिलाच जाळतो. हे कसं काय?" खाली पंधरा-वीस जोडलेले हात आले, उत्तर मात्र एकही आलं नाही. आम्हीसुद्धा हातच जोडले. मग रात्रभर तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आमच्याच घरचं सांगतो. औरादकडे आमचं आणि चुलत्यांचं शेत लागून आहे. मधल्या बांधावरून सहा वर्षं भाऊबंदकी चालू होती. बांध कुणाचा ते ठरेना, म्हणून कुणी त्याला हात लावीना. गवत कमरेला लागलं, कुसळ वाळलं, बोरीबाभळीची झुडपं माजली. आमचे आण्णा म्हणायचे, "आपण तोडलं तर ते म्हणतील बांध बळकावला." चुलतेही तिकडे हेच म्हणत असणार. गेल्या साली होळीनंतर चार दिवसांनी भर दुपारी तो बांध पेटला. कुणाची विडी पडली का तारेची ठिणगी, आजवर कळलं नाही. वारा चुलत्यांच्या बाजूचा होता. पाऊण तासात त्यांची कडब्याची गंजी गेली, आणि दावणीची कालवड होरपळली. ती वाचली, पण एका कानाचा शेंडा गेला.

संध्याकाळी दोन्ही घरची माणसं राखेत उभी होती. जो तो एकच सांगत होता, "आम्ही पेटवलं नाही." खरंच होतं ते. कुणीच पेटवलं नव्हतं. सहा वर्षं सगळ्यांनी मिळून फक्त वाळू दिलं होतं.

सूनबाईंचा प्रश्न पेटवणाऱ्याच्या पापाचा आहे. आम्हाला त्या संध्याकाळपासून न पेटवणाऱ्याचं पाप छळतं आहे.

बिळिगिरीरंगन डोंगरात, आपल्याच कर्नाटकाच्या दक्षिण टोकाला, सोलिगा नावाचे आदिवासी राहतात. ते पूर्वी उन्हाळा तापायच्या आधी जंगलातला पालापाचोळा पेटवायचे. त्या आगीला ते 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. कन्नड येणाऱ्यांना लगेच कळेल. जमिनीत थोडी ओल असताना ही आग गुडघ्याएवढी, हळू चालते. झाडाच्या बुंध्याला झळ लागते, शेंडा शाबूत राहतो. 1974 मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि आग लावणं बंद झालं. हेतू चांगलाच होता. पण सोलिगांचं म्हणणं असं की, त्यानंतर घाणेरीचं रान माजलं, आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं, आणि जी आग लागते ती झाडाच्या शेंड्याला जाते. अभ्यासकांनी तिथे वर्षानुवर्षं राहून हे म्हणणं तपासलं, आणि त्यात तथ्य असल्याचं लिहिलं. बांडगुळाचं आम्हाला नवल वाटलं. आवळ्याचं रक्त पिणाऱ्या त्या परजीवीला ती छोटी आगच आवरत होती.

अमेरिकेतही हीच चूक झाली, फार मोठ्या मापावर. 1935 मध्ये तिथल्या वनखात्याने नियम केला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. पुढे लक्षात आलं की सिकोया नावाच्या महाकाय वृक्षांची नवी रोपंच उगवत नाहीत, कारण त्यांची फळं आगीच्या उष्णतेने उघडतात आणि बी राखेतल्या मोकळ्या मातीत रुजतं. 1968 पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानात मुद्दाम छोट्या आगी लावायला लागले, पण साठलेलं सरपण कुठेकुठे तसंच राहिलं. 2020 च्या वणव्यात असे हजारो वृक्ष गेले, ज्यांनी शेकडो वर्षं आगी पचवल्या होत्या.

आपल्या जवळचं बघायचं तर चिंचोळीचं जंगल आहे. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, सुमारे 134 चौरस किलोमीटरचं. चंद्रंपळ्ळीच्या धरणाला सहल नेलेली आठवत असेल. हे पानगळीचं रान उन्हाळ्यात निव्वळ सरपण होतं. अशा जंगलात वनखातं उन्हाळ्याआधी पट्टेच्या पट्टे साफ करून जाळून ठेवतं, म्हणजे वणवा आला तरी पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नाही. मराठीत त्याला जाळरेषा म्हणतात, इकडे बेंकी रेखे. पण हे काम खात्याचं. आपण राखीव जंगलात काडी ओढली तर तो गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. बंडीपूरला फेब्रुवारी 2019 मध्ये हजारो एकर रान कसं गेलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे पेटवणं पुण्याचं झालं? तसं नाही. खांडववनाची गोष्ट इथे आठवते. अग्नीला भूक लागली, कृष्ण-अर्जुन मदतीला गेले. आपण लहानपणी ती शौर्याची गोष्ट म्हणून ऐकली. पण नीट आठवून बघा, त्या वनाच्या दोन बाजूंना दोन रथ उभे होते आणि निसटू पाहणारा प्रत्येक जीव मारला जात होता. बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं, एवढेच वाचले. अश्वसेनाची आई त्याला वाचवताना गेली. तो पोर वैर विसरला नाही, पुढे कर्णाच्या बाणावर बसून आला आणि अर्जुनाचा मुकुट घेऊन गेला. महाभारतकारांनी ही राख इतक्या लांब का नेली असेल? आम्हाला वाटतं, जळणाऱ्याच्या बाजूनेही कुणीतरी हिशेब ठेवतं, हे त्यांना सांगायचं होतं.

आपण शेतात नेमकं हेच करतो की! लवकर उरकावं म्हणून चारही कोपऱ्यांना काडी लावतो. मधले ससे, सरडे, लावे जाणार कुठे? एका बाजूने, वाऱ्याच्या उलट, सकाळच्या दंवात पेटवलं तर आग रांगत जाते आणि जीव पुढे सरकतो. टिटवी उघड्या मातीवर अंडी घालते ती साधारण मार्चपासून. माघात साफ झालेल्या जागेवर तिचं घरटं जळत नाही, चैत्रात जळतं. तीच काडी आणि तेच गवत, फक्त महिना वेगळा.

आणि उसाचं पाचट जाळण्याला यातलं काहीच लागू नाही. तिथे कुठला वणवा टाळायचा नसतो, आपल्याला घाई असते, एवढंच. सरीत पसरलेलं पाचट ओल धरतं, कुजून मातीला मिळतं. तुराट्या चुलीला चालतात, कुडाला चालतात. जिथे विळ्याने भागतं तिथे काडीचं नाव काढू नये. आमच्या बांधाचंही तसंच होतं. दरसाली दोन गडी एक दिवस विळा घेऊन गेले असते तरी पुरलं असतं.

सूनबाई, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. मुंगी जळते ती जळतेच. सावकाश पेटवलं म्हणून तिचं मरण हलकं होत नाही, आणि आम्ही तसं म्हणून स्वतःची समजूत काढणार नाही. एवढंच दिसतं की आपण हात राखून बसलो म्हणून ती वाचत नाही, तेव्हा ती कालवडीसकट जळते.

यंदा संक्रांतीला आण्णा तिळगूळ घेऊन चुलत्यांच्या दारात गेले. बांध कुणाचा हे अजून ठरलेलं नाही, मोजणीचा अर्ज पडून आहे. पण परवा पहाटे दोन्ही घरची माणसं बांधावर गेली. आधी विळ्याने निम्मं गवत कापलं, ते चुलत्यांच्या दावणीला गेलं. काट्याकुट्याचं जे उरलं ते एका टोकापासून पेटवलं, दोन घागरी आणि लिंबाच्या ओल्या फांद्या हाताशी ठेवून. चुलत काकू काठीने पुढचं गवत हलवत चालल्या होत्या, "सरका रे बाबांनो, सरका" म्हणत. एक घोरपड निघाली. राख गार होईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. चहा तिथेच आला.

तुमच्याकडे बांध साफ करायचे असतील तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. मेसेजवर नको, घरी जाऊन सांगा.