बायबल लिहिलं कुणी आणि कशासाठी

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशे नबो डोंगरावर चढतो, देवाने वचन दिलेला देश दुरून पाहतो आणि तिथेच मरण पावतो. त्याला मवाब देशातल्या खोऱ्यात पुरलं, पण ती कबर आजवर कुणाला सापडलेली नाही, असंही पुढे येतं. परंपरा सांगते की बायबलची पहिली पाच पुस्तकं खुद्द मोशेने लिहिली. मग त्याच्या मरणाची हकिगत कुणाची? हा प्रश्न पहिल्यांदा कुणा नास्तिकाने विचारलेला नाही. बाबिलोनी तलमूदमध्ये यहुदी धर्मगुरूच तो विचारतात. काहींचं मत, शेवटची आठ वचनं यहोशवाने लिहिली. दुसरं मत असं की देव सांगत गेला आणि मोशे रडत रडत आपलंच मरण लिहीत गेला. तलमूदने दोन्ही मतं जपून ठेवली.

पुढची दीड हजार वर्षं हा प्रश्न ज्यांनी पुढे नेला, त्यांतले बहुतेक जण या ग्रंथावर जीव असलेले लोक होते. हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण ‘बायबल कुणी लिहिलं’ असं विचारणं म्हणजे श्रद्धेवर घाव घालणं, असा समज आजही दोन्ही बाजूंनी पक्का आहे. प्रत्यक्षात एकेक वचन शंभरदा वाचणाऱ्यालाच त्यातला सांधा दिसतो. वरवर वाचणाऱ्याला तो दिसत नाही, मग तो भाविक असो की टीकाकार.

स्पेनमधल्या तुदेला गावी जन्मलेला आणि आयुष्याचा उत्तरार्ध देशोदेशी भटकण्यात घालवलेला अब्राहम इब्न एज्रा हा बाराव्या शतकातला असा वाचक होता. तो व्याकरणकार होता, कवी होता, भाष्यकार होता. ‘उत्पत्ती’च्या बाराव्या अध्यायात अब्राम कनान देशात येतो, तेव्हा त्या वेळी तिथे कनानी लोक होते, असं लेखक सांगतो. ‘त्या वेळी’ असं कोण म्हणेल? ज्याच्या काळी ते लोक तिथे उरले नाहीत तोच. मोशेच्या हयातीत तर ते तिथेच होते. ‘अनुवाद’ उघडताच लेखक सांगतो की मोशे यार्देन नदीच्या पलीकडे बोलला. मोशे नदी ओलांडून आलाच नाही, मग त्याच्या बाजूला ‘पलीकडे’ म्हणणारा माणूस अलीकडच्या काठावर बसलेला असणार. इब्न एज्राने अशा जागा नुसत्या सुचवल्या आणि ज्याला कळेल त्याने गप्प राहावं, असा इशारा दिला.

पाचशे वर्षांनी आम्स्टरडॅमच्या बारूख स्पिनोझाने ती गाठ सोडवली. तिथल्या यहुदी समाजाने त्याला १६५६ साली बहिष्कृत केलं होतं. १६७० साली निघालेल्या त्याच्या ग्रंथावर लेखकाचं नाव नव्हतं आणि छपाईचं ठिकाण खोटं होतं. इब्न एज्राची एकेक खूण उलगडून त्याने म्हटलं की ही पुस्तकं मोशेनंतर कितीतरी शतकांनी जुळवली गेली, बहुधा बायबलमधल्या एज्रा शास्त्र्याने. १६७८ साली रिशार सिमाँ या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूने, चर्चच्या परंपरेची बाजू घेतच, लिहिलं की इस्राएलात पिढ्यान्‌पिढ्या लेखनिक होते आणि त्यांनी जुनं दप्तर सांभाळलं, वाढवलं. त्याच्या पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या आणि त्याला त्याच्या संघातून काढून टाकलं.

१७५३ साली जाँ आस्त्र्युक पुढे आला. तो पंधराव्या लुईचा वैद्य होता आणि त्याला मोशेचं लेखकपण वाचवायचं होतं. मोशेने स्वतःच्या आधीची जुनी टिपणं वापरली असतील तर विसंगतींचा उलगडा होतो, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने ‘उत्पत्ती’चा मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत लावून पाहिला. खूण होती देवाच्या नावाची. मराठी बायबल हाती घेतलं तरी ती दिसते: पहिल्या अध्यायात सृष्टी निर्माण करतो तो नुसता ‘देव’, आणि दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून, जिथे निर्मितीची कथा पुन्हा वेगळ्या क्रमाने सुरू होते, तिथे येतो ‘परमेश्वर देव’.

नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट या दृष्टीने सावकाश वाचावी. सहाव्या अध्यायात देव सांगतो, प्रत्येक जातीचा एक नर आणि एक मादी तारवात घे. सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला परमेश्वर सांगतो, शुद्ध पशूंच्या सात सात जोड्या घे. एका ठिकाणी पाऊस चाळीस दिवस पडतो, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढून राहतं. दोन्ही धागे वेगळे केले तर दोन जवळजवळ पूर्ण कथा हाती येतात. सात जोड्या का, हेही मग कळतं. त्या कथेत पाणी ओसरल्यावर नोहा वेदी बांधून शुद्ध पशूंचा बळी देतो. एकच जोडी असती तर त्या बळीबरोबर जातच संपली असती. दुसऱ्या कथेत बळी नाही. ती लिहिणारे याजक होते आणि त्यांच्या मते सीनाय पर्वताजवळ मोशेचा भाऊ अहरोन याच्या घराण्याला अधिकार मिळण्याआधी कुणी बळी देणं बसतच नव्हतं. म्हणजे जनावरांच्या संख्येतला फरक चुकीने आलेला नाही. देवाजवळ कुणी, केव्हा आणि कसं जावं याविषयीच्या दोन समजुती तिथे समोरासमोर उभ्या आहेत.

इथून प्रश्नाचा रोख बदलतो. ‘कुणी लिहिलं’ याचं उत्तर नावाने मिळणार नव्हतं. लिहिणाऱ्यांनी नावं ठेवलीच नाहीत; त्या काळी पश्चिम आशियात ग्रंथावर कर्त्याने नाव घालण्याची रीत नव्हती, आणि थोर पूर्वजाच्या नावाने लिहिणं ही लबाडी समजली जात नव्हती. उरलं ते एवढंच विचारणं, की हे लिहिण्याची गरज कुणाला आणि केव्हा पडली?

१८०५ साली पंचविशीतल्या व्हिल्हेल्म डे वेट्टे या जर्मन अभ्यासकाने त्याला पहिलं ठोस उत्तर दिलं. यरुशलेमात योशिया राजा असताना, सुमारे इ.स.पू. ६२२ मध्ये, मंदिराची डागडुजी चालू होती. महायाजक हिल्कीयाला तिथे नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला आणि राजाने कपडे फाडले. ग्रंथातल्या वचनांविषयी परमेश्वराला विचारायला दरबारी गेले ते हुल्दा या संदेष्ट्रीकडे. एका बाईने त्याला देवाचा शब्द म्हणून मान्यता दिली. मग योशियाने गावोगावची पूजेची उच्चस्थानं मोडली आणि उपासना फक्त यरुशलेमात आणली. नेमकी हीच मागणी पाच पुस्तकांपैकी ‘अनुवाद’ करतो: एकच देव, एकच जागा. डे वेट्टेने दोन्हींचा संबंध जोडला.

त्या ग्रंथाचा हेतू किती धाडसी होता, हे विसाव्या शतकात आणखी उघड झालं. १९५५ साली इराकमध्ये निमरूद इथे अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथेच्या पाट्या सापडल्या. वारसदाराशी एकनिष्ठ राहा, फितुरीची भाषा करणारा भाऊ असो की मुलगा, त्याला पाठीशी घालू नका, नाहीतर आकाश पितळेचं आणि जमीन लोखंडाची होईल. ‘अनुवाद’चे तेरावा आणि अठ्ठाविसावा अध्याय याच घडणीचे आहेत. फक्त निष्ठा मागणारा बदलला आहे. ज्या साम्राज्याने इ.स.पू. ७२२ मध्ये उत्तरेचं इस्राएल राज्य पुसून टाकलं आणि यहूदाला मांडलिक केलं, त्याचाच मसुदा यहूदाच्या लेखनिकांनी उचलला आणि सम्राटाच्या जागी देव ठेवला. राजकीय विचारांच्या इतिहासात याच्या तोडीचं पाऊल मला क्वचितच दिसतं.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं. मंदिर गेलं, राजा गेला, शिकलेसवरलेले लोक बंदिवान होऊन फरात नदीच्या मुलुखात गेले. ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय, सात दिवसांचा, आज पुष्कळ अभ्यासक त्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा मानतात. बाबेलात सूर्य आणि चंद्र दैवतं होती. इथे त्या चौथ्या दिवशी टांगलेल्या दोन ज्योती आहेत, त्यांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत. आणि सातवा दिवस विश्रांतीचा. शब्बाथ पाळायला मंदिर लागत नाही, वेदी लागत नाही, स्वतःची जमीन लागत नाही. सगळं गमावलेल्या लोकांना जे बरोबर नेता येईल, ते याजकांनी सृष्टीच्या पायाशीच नेऊन बसवलं.

पहिल्या पाच पुस्तकांतले हे वेगवेगळे धागे युलिउस वेलहाउझेनने १८७८ साली चार स्तरांच्या एका भक्कम मांडणीत बसवले. चार वर्षांनी त्याने धर्मशास्त्राची प्राध्यापकी सोडली, कारण आपल्या शिकवण्यातून विद्यार्थी पाळकाच्या कामाला अपात्र होतात, असं त्याच्या सद्सद्विवेकाला वाटलं. पण त्याच्या मांडणीत एक कुसळ होतं: संदेष्ट्यांचा जिवंत धर्म आधी, नियमांचा शुष्क धर्म नंतर. यहुदी धर्म हा जणू उतरती कळा. यहुदी विद्वानांना हे लागलं, आणि रास्तच लागलं. इतरांच्या लेखनातले हेतू शोधणाऱ्यालाही आपला हेतू टाळता आला नाही.

मांडणीची दुसरी अडचण पुराव्याची होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोर ठिकठिकाणच्या पोथ्या होत्या. कुठला श्लोक कुठे भरला गेला ते पडताळता येत होतं. बायबलच्या या स्तरांपैकी एकाचीही सुटी पोथी कुणी पाहिलेली नाही. म्हणून आज चार स्तरांबद्दल एकमत राहिलेलं नाही. याजकांचा स्तर आणि ‘अनुवाद’ हे वेगळे ओळखू येतात, एवढं बहुतेक मानतात.

पण ग्रंथ वाढत गेला, याचा हातात धरता येण्याजोगा पुरावा १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत मिळू लागला. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचं प्राचीन ग्रीक भाषांतर आजच्या हिब्रू पाठापेक्षा सुमारे सात-आठव्या हिश्श्याने लहान आहे. भाषांतरकाराने कापाकापी केली असेल, असं अनेकांना वाटे. कुमरानमध्ये त्या आखूड पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेच निघाले, आणि लांब पाठाचेही. दोन्ही पाठ एकाच काळी नांदत होते.

आणि याच यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात ग्रंथ कसा घडतो, ते बायबल स्वतः सांगतं. यिर्मया तोंडाने सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने पटावर लिहितो. हिवाळ्याचे दिवस, यहोयाकीम राजा शेगडीसमोर बसलेला. यहूदी नावाचा दरबारी वाचत जातो, आणि तीन-चार स्तंभ झाले की लेखनिकाच्या चाकूने तेवढा पट कापला जातो आणि शेगडीत पडतो. असं करत सगळा पट जळतो. मग यिर्मया दुसरा पट घ्यायला सांगतो, बारूख ते सगळं पुन्हा लिहितो, आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. या भर पडण्याची लेखकाला लाज वाटत नाही.

नव्या करारात हेतू जास्त उघड आहे. पौलाची पत्रं मंडळ्यांमधली भांडणं मिटवायला लिहिलेली आहेत. रोमकरांस पत्रात तर ते लिहून घेणारा तर्तियसही आपला नमस्कार कळवतो. लूक सांगतो की आधी अनेकांनी लिहिलं आहे, आपण नीट चौकशी करून क्रमवार लिहितो. योहान सांगतो की वाचणाऱ्याने विश्वास धरावा म्हणून लिहिलं.

जुन्या करारात मात्र एकाच्या हेतूशेजारी दुसऱ्याचा हेतू न मिटवता ठेवलेला आहे. दुसऱ्या शमुवेलात दावीद राजा बथशेबेला बोलावून घेतो आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवतो. नाथान संदेष्टा त्याला तोंडावर दोषी ठरवतो. पुढे पर्शियन अमलात, किंवा त्याच्याही नंतर, राजाविना, एका लहानशा मंदिराभोवती जगणाऱ्या समाजासाठी ‘इतिहास’ हे पुस्तक लिहिलं गेलं. त्याला मंदिराचा आराखडा आखणारा दावीद हवा होता, म्हणून त्याने ते सगळं प्रकरण गाळलं. शमुवेलात दाविदाला शिरगणतीची बुद्धी परमेश्वर देतो, ‘इतिहास’मध्ये ती सैतान देतो. ज्यांनी शेवटी ग्रंथ बांधला त्यांच्यासमोर ही दोन्ही पुस्तकं होती, आणि त्यांनी एकाला शुद्ध करायला दुसरं फेकलं नाही. छापील हिब्रू बायबलमध्ये बहुधा ‘इतिहास’ हे सर्वांत शेवटचं पुस्तक असतं. तिथला दावीद निष्कलंक वाटेल त्याने पानं मागे उलटावीत. नाथान अजून राजासमोर उभा आहे.