आजीचा हयातीचा दाखला

दिवाळीला चंदगडला गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं, आजीचा हयातीचा दाखला. पूर्वी नोव्हेंबरात तिला बँकेत नेऊन सही करवून घ्यायला लागायची. आता जीवन प्रमाणचं ॲप आहे. मोबाइल तोंडासमोर धरायचा आणि डोळे मिचकव म्हणायचं. मागच्या खेपेला तीनदा फेल गेलं, कारण ती सारखा पदर नीट करत होती. चौथ्यांदा तिने विचारलं, "पलीकडून कोण बघतंय रे हे? मुंबईचं सरकार का दिल्लीचं?"

मी हसलो. पण आमच्या घरात हा प्रश्न खराच आहे.

आजोबा प्राथमिक शिक्षक. १९५१ साली नोकरीला लागले तेव्हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता आणि बेळगाव मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. तो कोल्हापूरला जोडला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. अकरा वर्षांत गुरुजींचा तालुका एकच राहिला आणि वरचं सरकार तीनदा बदललं. त्यांचं सेवापुस्तक घरात अजून आहे. १९८८ ला रिटायर होताना त्यातली पहिली पाच वर्षं बेळगावची म्हणून एका कार्यालयात फाइल काही महिने अडकली होती. ते दिवस आजीला अजून आठवतात. वाण्याची उधारी किती झाली होती, तेही.

पाच वर्षं धरली गेली शेवटी. कायदा त्या बाबतीत बरा असतो. राज्याची वाटणी होते तेव्हा पेन्शनच्या बोज्याचीही वाटणी कायद्यातच लिहिलेली असते. २०१४ ला तेलंगणा वेगळा झाला तेव्हा हा बोजा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला, आंध्रकडे ५८.३२ टक्के आणि तेलंगणाकडे ४१.६८ टक्के. ज्याच्या ट्रेझरीतून पेन्शन निघते त्याने देत राहायची, आपसातला हिशेब दोन सरकारांनी नंतर मिटवायचा. म्हाताऱ्या माणसाने त्यात पडायचं कारण नाही. सुप्रीम कोर्टाने १९८२ च्या नकारा खटल्यात सांगितलंच आहे की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, आधी केलेल्या कामाचं ते देणं आहे.

म्हणजे प्रश्न सुटला? मलाही तसंच वाटायचं. ऑफिसात माझ्याशेजारी नागपूरचा मित्र बसतो. वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की तो म्हणतो, "आमच्या घरात विरोध फक्त आजोबांचा. म्हणे माझी पेन्शन कोण देणार?" आम्ही दोघंही हसायचो. एवढा इतिहासाचा प्रश्न आणि हे पेन्शन घेऊन बसलेत.

हसणं थांबलं ते आयर्लंडबद्दल वाचल्यावर. तिथे म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन ब्रिटिशांच्या काळात, १९०९ पासून मिळायला लागली. वय सत्तर लागायचं. १९२२ ला आयरिश फ्री स्टेट आलं. नवं सरकार, नुकतंच यादवी युद्ध झालेलं, तिजोरीत खडखडाट. १९२४ ला अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी आठवड्याच्या दहा शिलिंगांतला एक शिलिंग कापला. सीमेपलीकडे, ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, दहाचे दहाच राहिले. म्हणजे ज्यांनी स्वातंत्र्य मिळवलं त्यांच्या आईबापांना नऊ. कापलेला शिलिंग १९२८ ला परत आला. पण बहात्तर वर्षांच्या माणसाला 'चार वर्षं थांबा' सांगणं म्हणजे काय सांगणं आहे?

ब्लाइद यांची बाजू मला कळते. पैसे नव्हते. कर्ज काढलं असतं तर ते पोरांनी फेडलं असतं, आणि त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. तरीही मला ती कपात चूकच वाटते. तरुण माणूस वाट बघू शकतो, गाव सोडू शकतो, दुसरी नोकरी धरू शकतो. म्हाताऱ्याने त्याचं काम आधीच करून दिलेलं असतं, त्याला ते परत मागे घेता येत नाही.

आमच्याकडे कुणाचा शिलिंग कापला नाही, पण फरक पडलाच. आजोबांचे एक दोस्त खानापूर तालुक्यात मास्तर होते. दोघे एकाच वर्षी लागलेले. १९५६ नंतर ते म्हैसूरचे, पुढे कर्नाटकाचे शिक्षक झाले. पेन्शन दोघांनाही मिळाली. पण वेतन आयोग वेगळे, महागाई भत्ता वेगळा, वाढ मिळण्याची वर्षं वेगळी. भेटले की रकमा ताडून बघायचे. कधी हे पुढे, कधी ते. चिडायचे नाहीत, पण ताडून बघायचे जरूर.

सीमा सरकली म्हणून वचन मोडत नाही, पण ते पाळणारी माणसं बदलतात. सरकारी पेन्शनची पेटी कुठे भरून ठेवलेली नसते. आजीला या महिन्यात मिळणारे पैसे या महिन्यात कामावर असलेल्या माणसांच्या करातून येतात. (२००५ नंतर लागलेल्यांचं एनपीएस वेगळं. २०२३ च्या मार्चमधला जुन्या पेन्शनचा संप आठवत असेल. तो मुद्दा मोठा आहे, इथे नको.) म्हणून कुणी नवी सीमा मागितली की माझा पहिला प्रश्न, सीमेच्या आत कमावणारं कोण उरणार?

चंदगडपुरतं विचाराल तर अवघड आहे. काजू आहे, ऊस आहे. पण बारावी झालेली पोरं बेळगाव, गोवा, पुणे नाहीतर मुंबई गाठतात. मी बंगळुरूत. माझ्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कर्नाटकाला जातो. म्हणजे मला पहिली बाराखडी शिकवली चंदगडच्या गुरुजींनी आणि मी हातभार लावतो खानापूरच्या गुरुजींच्या पेन्शनला. त्यांचा मुलगा पिंपरीत कंपनीत आहे. त्याचा व्यवसाय कर महाराष्ट्राला, म्हणजे आजीला. हे कळल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हा निव्वळ योगायोग आहे. पोरं बाहेर पाठवणारा आणि म्हातारे सांभाळणारा भाग उद्या एकटा पडला तर असा योगायोग त्याच्या वाट्याला येणार नाही.

शिकवलेल्यांनी देणं फेडावं, मग ते कुठेही राहोत, असं मला वाटतं. कुठल्याच ट्रेझरीला असा हिशेब ठेवता येणार नाही, हेही कळतं. मग निदान एवढं तरी व्हावं. वेगळं राज्य मागणाऱ्याने, मग ती मागणी कितीही न्याय्य असो, म्हाताऱ्यांचं उत्तर मागणीसोबतच द्यावं. कोण देणार, कशातून देणार, कमी पडलं तर आधी कुणाचं कापणार. नागपूरच्या मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "आजोबाही हेच विचारतात, फक्त ओरडून."

चौथ्या खेपेला आजीचा दाखला गेला. मेसेज आला तो तिला वाचून दाखवला. पुढच्या नोव्हेंबरात मला सुट्टी मिळेल असं दिसत नाही, म्हणून शेजारच्या मुलीला ॲप शिकवून ठेवलंय. तिने एकदा बघितलं आणि लगेच जमवलं. पण तीही आता वेर्ण्याच्या कंपनीत लागणार आहे.