विचारपूस न करणारा सोबती

पहाटे पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहिलं की खाली धोम धरणाचं पाणी धुक्यातून हळूहळू दिसू लागतं. गार, निर्मळ हवा छातीत भरते. याच हवेच्या भरवशावर डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केलं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावं लागलं. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने पडून राहणं. घरची माणसं दूर. भेटायला कुणी आलंच, तर चार हात लांब उभं राहायचं. पुढे याच रुग्णालयात एचआयव्हीचे रुग्ण येऊ लागले. त्यांच्याही वाट्याला आधी तेच अंतर आलं.

अशा एकटेपणावरचा एक उतारा जुनाच आहे. दीर्घ आजाऱ्याला एखादा लहानसा पाळीव प्राणी फार चांगली सोबत देतो, असं फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. आज आपल्याकडे मानसतज्ज्ञ मिनल कविश्वर यांच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ने खास शिकवलेल्या कुत्र्यांकडून हेच काम करून घेतलं आहे.

असा कुत्रा खाटेशी येतो, चादरीच्या काठावर हनुवटी टेकवतो आणि थांबतो. सलाइन नसलेला हात हळूच पुढे सरकतो. कानामागच्या मऊ केसांत बोटं फिरू लागतात. बस, एवढंच. आपण मात्र गेल्या गेल्या विचारतो, “आता कसं वाटतंय?” आणि आपल्या समाधानासाठी रुग्णाला “बरं आहे” म्हणावं लागतं. कुत्र्यापुढे बरं असल्याचं दाखवावं लागत नाही. रात्रपाळी संपवून निघालेली सिस्टरही त्याच्यापाशी दोन मिनिटं उकिडवी बसते. दिवसरात्र दुसऱ्यांना सावरणाऱ्या हातांनाही कुठेतरी विसावायचं असतं. अमेरिकेत २०१९ मध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळल्यावर शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी झालेलं आढळलं.

या कुत्र्यांना न्हाऊ घालून, लसी टोचून, नखं कापूनच वॉर्डात आणतात. संसर्गाच्या वॉर्डात त्यांना नेत नाहीत. म्हणजे त्या काळच्या क्षयरोग्याच्या खाटेपर्यंत कुत्रा पोचलाच नसता. तिथे माणसानेच बसायला हवं होतं. आणि काळजी घेऊन बसता आलं असतं. क्षय हवेतून पसरतो, हात हातात घेतल्याने नाही. एचआयव्ही तर स्पर्शाने पसरतच नाही.

आज कुणाला भेटायला दवाखान्यात जाणार असाल, तर खुर्ची खाटेजवळ ओढून घ्या. गरज असेल तर मास्क लावा. प्रश्न राहू द्या. हात हातात घ्या आणि थोडा वेळ नुसते बसा.