चेहऱ्याची साक्ष

आपल्या मालवण किनाऱ्यावर एखाद्याचे तोंड एकाएकी वाकडे झाले, की ‘वारे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. दोष बिचाऱ्या वाऱ्याचा नसतो. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी सातवी चेहऱ्याचे स्नायू हलविते. कानामागील हाडाच्या अरुंद मार्गात तिच्यातील एक तंतू सुजला, की अर्धा चेहरा लुळा पडतो. बहुतेकांचा काही महिन्यांत पूर्ववत होतो. तोवर मात्र तो माणूस मनापासून हसला, तरी ते हसू आपल्याला कुचेष्टेचे वाटते. चेहऱ्याची साक्ष काढून मनाचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कुष्ठरोगात हा अन्याय अधिक खोल जातो. त्यात सातव्या तंतूबरोबर संवेदना वाहणारा पाचवाही बधिर होऊ शकतो. पापणी मिटत नाही आणि डोळ्यात गेलेला वाळूचा कण कळतही नाही; अशाने दृष्टी जाते. समाजाने मात्र या निश्चल चेहऱ्यांत पाप वाचले आणि त्यांना वेशीबाहेर ठेवले. बाबा आमटे यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, ते अशाच माणसांसाठी. औषधाने रोग बरा होतो, मेलेला तंतू बहुधा परतत नाही. म्हणून अशा रुग्णांना आठवणीने, जोर लावून पापणी मिटण्यास शिकवितात. एवढे करूनही समोरच्याला वाटते, हा आपल्याकडे टक लावून पाहतो आहे.