अर्जुनाचा मोह आणि शांतिसैनिकाची कसोटी

युद्धाला विरोध करणाऱ्याच्या मनात तो विरोध कशातून उपजतो, हा प्रश्न भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात उभा राहतो आणि शांततेच्या कार्याला स्वेच्छेने वाहून घेणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला त्याचे उत्तर द्यावे लागते. कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवताना अर्जुनाने कुलक्षय, वर्णसंकर, नरकवास अशी जी कारणे मांडली, ती वरवर पाहता एखाद्या कट्टर अहिंसावाद्याला शोभणारी आहेत. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी जी गीता-प्रवचने केली आणि साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यांत मात्र आरंभीच हा समज खोडून काढलेला आहे. विनोबांच्या विवेचनानुसार अर्जुनाचा आक्षेप युद्धाला नव्हताच. यापूर्वी त्याने कित्येक लढाया केल्या होत्या आणि तेव्हा त्याला हिंसेचे पाप आठवले नव्हते, परंतु या वेळी समोर भीष्म, द्रोण आणि भाऊबंद उभे होते, म्हणून त्याला तत्त्वज्ञान सुचले. आप-पर भावाने बुद्धीवर पडणाऱ्या या आवरणाला गीता मोह म्हणते, आणि ज्याला जे कर्तव्य सहजप्राप्त आहे त्या स्वधर्माच्या आड येणाऱ्या या मोहाचे निरसन हेच विनोबांच्या मते गीतेचे प्रयोजन आहे.

अर्जुनाच्या युद्धविरोधातील खोट इतक्या स्पष्टपणे दाखवणारा हाच पुरुष 1940 साली युद्धविरोधाचा पहिला सत्याग्रही झाला. दुसऱ्या महायुद्धात भारताला त्याचे मत न विचारता ओढले गेले, तेव्हा गांधींनी वैयक्तिक सत्याग्रह योजला; निवडलेल्या एकेका व्यक्तीने उघडपणे युद्धविरोधी भाषण करायचे आणि शिक्षा स्वीकारायची, असे त्याचे स्वरूप होते. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबांनी त्याचा आरंभ केला आणि त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. काँग्रेसमधील अनेकांचा विरोध ब्रिटिशांच्या युद्धाला होता, स्वतंत्र भारताने लढण्याला नव्हता. विनोबांचा विरोध युद्धमात्राला होता, आणि पहिला मान त्यांना मिळण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. मोह गळून पडल्यावरही जो शस्त्र उचलत नाही, त्याचे स्थान अर्जुनापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण त्याला आप्तांच्या मायेचा आधार घेता येत नाही आणि शत्रूच्या द्वेषाचाही घेता येत नाही.

या भूमिकेवरचा सर्वांत भक्कम आक्षेप मराठीतच आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त असे प्रतिपादन केले की अहिंसेसारखे नीतिनियम सर्वच स्थितप्रज्ञ असलेल्या पूर्ण समाजात निरपवाद लागू पडतील, परंतु लोभी आणि आततायी माणसांनी भरलेल्या अपूर्ण समाजात त्यांना अपवाद करावेच लागतात, आणि तो अपवाद निर्लोभ बुद्धीने करणे हाही धर्मच होय. पुढच्याच वर्षी टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात, आणि 1924 च्या डिसेंबरात गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते तेही बेळगावातच भरले. म्हणजे या वादाच्या दोन्ही बाजू या एका गावाने जवळून ऐकलेल्या आहेत. त्या अधिवेशनात ना. सु. हर्डीकर यांच्या स्वयंसेवकांनी कवायतीची शिस्त अंगी बाणवून व्यवस्था सांभाळली. शिस्त आणि निर्भयता ही सैनिकाची मक्तेदारी नव्हे, हे त्यातून दिसले. तरीही टिळकांचा आक्षेप एवढ्याने निकाली निघत नाही, आणि 1947 मध्ये काश्मीरला सैन्य पाठवण्यास गांधींनी विरोध केला नाही, ही गोष्टही अहिंसावाद्याला डोळ्याआड करता येत नाही.

मोहाची कसोटी खऱ्या अर्थाने लागली ती 1962 च्या चीन युद्धानंतर. शंकरराव देव यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्यानंतर स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे देव अध्यक्ष होते, म्हणजे आपल्या भाषिक समूहाच्या हक्काची जाणीव त्यांना कोणापेक्षा कमी नव्हती. तेच देव 1 मार्च 1963 रोजी दिल्लीहून पेकिंगकडे निघालेल्या मैत्रीयात्रेचे नेते झाले. त्या यात्रेत भारतीयांबरोबर परदेशी शांतिकार्यकर्तेही पायी चालत होते. लोकांच्या मनातली जखम ताजी असताना त्यांना वाटेत रोष पत्करावा लागला, चीनने प्रवेश नाकारला, आणि यात्रा सीमा न ओलांडताच आसामात थांबली. राजकीय फळाच्या हिशेबात ती निष्फळ ठरते. परंतु आपलेच राष्ट्र दुखावलेले असताना प्रतिपक्षाच्या सामान्य माणसाशी बोलायला निघणे, हे अर्जुनाने कधीच केले नसते, आणि म्हणूनच या यात्रेला इतिहासात मिळालेल्या जागेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

बेळगावच्या दक्षिणेकडील उद्यमबागेत हा विचार पुस्तकी राहत नाही. या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये मराठी, कन्नड, उर्दू आणि हिंदी बोलणारे कामगार एकाच पाळीत उभे असतात, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला की त्याची धग त्यांच्यापर्यंत पोहोचते, आणि याच शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र असल्याने लष्करी सेवेचा आदर घराघरांत आहे. जवानाच्या आईवडिलांपुढे युद्धविरोध मांडणाऱ्याने त्यांच्या मुलाच्या त्यागाला कमी लेखले, तर त्याच्या बोलण्यात अहिंसा उरत नाही. आणि ओतलेला भाग शेवटी कोणत्या यंत्रात बसणार हे ज्या कामगाराला कळतच नाही, त्याच्यावर त्या यंत्राच्या हिंसेचा दोष लादणेही अन्यायाचे आहे.

1957 साली केरळात शांतिसेना स्थापन करताना विनोबांनी दर पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक मागितला, तो याच जाणिवेतून. दंगलीच्या दिवशी हिंसक जमावासमोर उभे राहून, प्रतिकार न करता मरण पत्करण्याची तयारी ही शांतिसैनिकाची प्रतिज्ञा होती, परंतु त्याआधीची सारी वर्षे त्याने त्याच वस्तीत सेवा करायची, घराघरांत ओळख ठेवायची, कोणत्याही पक्षाचा नसलेला माणूस म्हणून विश्वास मिळवायचा, असे तिचे दैनंदिन रूप होते. टिळकांच्या आक्षेपाला मिळू शकणारे उत्तर सिद्धांतात सापडत नाही, ते या दीर्घ पूर्वतयारीत आहे: समाज अपूर्ण आहे म्हणून अपवाद करावा लागतो हे मान्य केले, तरी ती अपूर्णता कमी करण्याचे काम कोणीतरी करायलाच हवे, आणि ते शस्त्रधाऱ्याला करता येत नाही. सीमाभागात असे काम करू पाहणाऱ्या मराठी स्वयंसेवकाला प्रथम विचारायला हवे ते हे की कन्नड शेजाऱ्यावर अन्याय झाला, तर तो तितक्याच तत्परतेने त्याच्या दारात उभा राहील काय.